अठ्ठाईपूर्वी पाहिलेला एक रिकामा रकाना

चातुर्मासाचा पहिला महिना सरत आला, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न बदलत नाही : ‘डॉक्टरसाहेब, यंदा अठ्ठाई करायची इच्छा आहे. झेपेल ना?’ तपाची इच्छा मनात येणे हे आपल्याकडे पुण्योदयाचे लक्षण मानतात, आणि ती इच्छा घेऊन आलेल्या माणसाला नकार देणे वैद्याला जड जाते. त्यातून तो माणूस मधुमेही असला, तर उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरत नाहीत.

गेल्या वर्षी असा प्रश्न घेऊन सत्तर वर्षांच्या एक काकीजी आल्या होत्या. मधुमेह सोळा वर्षांचा. सोबत चाळिशीचा मुलगा, किराण्याची आडत सांभाळणारा. त्यालाही दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघालेला. व्यापाऱ्याच्या घरची फाईल असते तशीच त्यांची फाईल होती : प्रत्येक कागद तारखेवार, दर तीन महिन्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. एकही पान गहाळ नाही. मुलाने शेवटचा रिपोर्ट पुढे केला आणि म्हणाला, ‘आईची किडनी अगदी चांगली आहे. क्रिएटिनिन १.१. माझेसुद्धा १.१ च आहे.’

मी फाईल मागून पुढे चाळली. सोळा वर्षांत लघवीतील अल्ब्युमिनची मोजणी एकदाही झालेली नव्हती.

ही त्या एका कुटुंबाची गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहींपैकी वीस ते चाळीस टक्के लोकांच्या मूत्रपिंडांना आयुष्यात केव्हातरी इजा पोहोचते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तरीही साखर दर महिन्याला पाहणारी माणसे लघवीची ही एक तपासणी वर्षानुवर्षे करीत नाहीत. दुखत नाही, सूज नाही, लघवीला त्रास नाही. मग कशाला, असा त्यामागचा विचार असतो. मूत्रपिंड मात्र तक्रार करण्याच्या बाबतीत फार सोशीक आहे. अर्धे काम बंद पडले तरी ते मालकाला कळवीत नाही.

आपल्या घरांत पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घेण्याची रीत आहे. ते फडके विरले की नुसत्या डोळ्यांना लगेच दिसत नाही; पाणी आधीइतकेच वाहते, किंबहुना थोडे भरभर वाहते. फरक पडतो तो खाली भांड्यात. मूत्रपिंडाचे काहीसे असेच आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकीचा शरीर परत घेते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मोलाचे, म्हणून गाळणी ते सहसा सुटू देत नाही. मधुमेहात अनेक वर्षे वाढलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब या गाळणीचे पडदे बिघडवतात. सुरुवातीच्या काळात तर गाळणी नेहमीपेक्षा जास्तच काम करते, आणि रक्ताचा रिपोर्ट पाहून सगळे खूश असतात. भांड्यात, म्हणजे लघवीत, अल्ब्युमिनचे कण उतरू लागलेले असतात, तिकडे कोणी पाहिलेले नसते.

आता त्या १.१ विषयी. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. ज्याचे स्नायू भरदार त्याचे क्रिएटिनिन जास्त, ज्याचे स्नायू झिजले त्याचे कमी. शिजवलेल्या मांसातूनही थोडे क्रिएटिनिन शरीरात येते, आणि आपल्या घरांत तो मार्ग बंदच आहे. म्हणून शाकाहारी, किरकोळ अंगाच्या, वय झालेल्या स्त्रीचे क्रिएटिनिन मूत्रपिंड थकल्यावरही ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकते. यासाठीच वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळण्याचा वेग काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. आज प्रचलित असलेल्या सूत्राने मुलाच्या १.१ चा वेग मिनिटाला सुमारे ८७ मिलिलिटर येतो आणि आईच्या १.१ चा सुमारे ५४. आकडा एकच, अर्थ दोन. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ साठच्या खाली राहिला तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. काकीजींचे क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी १.० होते. फाईलमध्ये तो बदल एका दशांशाचा दिसतो आणि कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वेगाच्या भाषेत तो ६१ वरून ५४ आहे. (एका दशांशाचा फरक प्रयोगशाळेच्या मोजणीतूनही पडू शकतो, म्हणून एका रिपोर्टवरून घाबरून जाऊ नये. पण पाहायला तर हवे.)

लघवीत रोगाची खूण शोधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ‘मधुमेह’ हे नावच लघवीच्या गोडीवरून पडले, आणि अशा लघवीकडे मुंग्या येतात हे आयुर्वेदाच्या आचार्यांनी टिपून ठेवले होते. प्रथिनाची खूण मात्र लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून आली. तेथील रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ मध्ये सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांची सांगड घातली. त्यांची पद्धत अगदी साधी : चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची, प्रथिन असेल तर ती नासक्या दुधासारखी गोठते. अडचण एवढीच, की गोठण्याइतके प्रथिन जाऊ लागेपर्यंत बरेच काही हातचे गेलेले असते.

सुमारे १३६ वर्षांनी, त्याच रुग्णालयात हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अल्ब्युमिनचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. मग त्यांच्या गटाने एक काम केले, त्याला आपण व्यापारी मंडळी दाद देऊ : जुने हिशेब जपून ठेवले आणि चौदा वर्षांनी पुन्हा उघडले. साठच्या दशकात इन्सुलिनवर असलेल्या ज्या रुग्णांच्या लघवीची मोजणी करून ठेवली होती, त्यांतील ६३ जणांना पुन्हा तपासले. ज्यांचे अल्ब्युमिन त्या वेळी कमी होते अशा ५५ जणांपैकी दोघांनाच पुढे मूत्रपिंडाचा उघड आजार झाला. ज्यांचे थोडेसे, चमचा-मेणबत्तीने कधीच दिसले नसते इतकेच, वाढलेले होते अशा आठांपैकी सात जणांना झाला. जियानकार्लो व्हिबेर्ती यांच्या नावाने हा लेख १९८२ मध्ये आला. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी प्रौढवयात होणाऱ्या मधुमेहातही, म्हणजे आपल्या घराघरांत असलेल्या प्रकारातही, हीच खूण धोक्याची असल्याचे दाखवले; तीत मूत्रपिंडाच्या बिघाडासोबत अकाली मृत्यूचाही धोका होता, कारण ज्या सूक्ष्म वाहिन्या मूत्रपिंडात गळू लागतात त्यांच्या नातलग हृदयातही असतात.

आठांपैकी सात हा आकडा ऐकून कोणाचाही धीर सुटेल. म्हणून लगोलग दुसरा आकडा सांगतो. बोस्टनच्या जोस्लिन केंद्रातील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले आणि लघवीत थोडे अल्ब्युमिन सतत जाणारे ३८६ रुग्ण होते. सहा वर्षांत त्यांतील ५८ टक्के लोकांची गळती लक्षणीय कमी झाली. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ज्यांचे बरे होते त्यांच्यात हे अधिक घडले. तेव्हा वाढलेले अल्ब्युमिन म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे.

पण त्याच अभ्यासाने संशोधकांपुढे पेच टाकला. अल्ब्युमिन वाढलेल्या कित्येकांचे मूत्रपिंड टिकते. उलट काहींचा गाळण्याचा वेग अल्ब्युमिन न वाढताही उतरत जातो. मग खरोखर कोण घसरणार आहे हे आधी कसे ओळखायचे? गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा लघवीत दुसऱ्या खुणा शोधत आहेत त्या यासाठी. मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाली की वाढणारे ‘किम-१’ हे प्रथिन १९९८ मध्ये सापडले. ‘एनगॅल’ नावाचे दुसरे एक आहे. पण ते पांढऱ्या पेशींतूनही येते, त्यामुळे लघवीचा साधा जंतुसंसर्ग झाला तरी वाढते. आपल्या आया-बहिणींत हा संसर्ग किती वेळा होतो ते लक्षात घेतले, तर या चाचणीचा पाय कुठे घसरतो ते कळेल. ‘एल-फॅब्प’ नावाच्या तिसऱ्या प्रथिनाची तपासणी जपानने २०११ पासून विम्यात घेतली आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये उलट्या वाटेने जाणारी खूण दाखवली : ‘ईजीएफ’ हे निरोगी नलिका तयार करीत असलेले द्रव्य लघवीत कमी कमी होत जाते तेव्हा मूत्रपिंड उतरणीला लागलेले असते. २०२३ मध्ये टेक्ससमधील सॅन अँटोनियोच्या कुमार शर्मा यांच्या गटाने अ‍ॅडेनिन या छोट्याशा रेणूवर बोट ठेवले. अल्ब्युमिन फारसे न वाढलेल्या मधुमेहींतही तो धोक्याची सूचना देतो असे त्यांना आढळले.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारी गोष्ट युरोपातील आहे. एकेका प्रथिनामागे धावण्याऐवजी लघवीतील २७३ प्रथिन-तुकड्यांचा एकत्रित नमुना पाहायचा, अशी एक चाचणी तेथे तयार झाली. त्यातील पुष्कळ तुकडे कोलॅजेनचे असतात. मूत्रपिंडात व्रणासारखी तंतुमय गाठ बसू लागली, की कोलॅजेन आतच साठते आणि लघवीत येणारे त्याचे तुकडे घटतात. रोजच्या आवकेतला माल अचानक यायचा थांबला, की व्यापारी सावध होतो ना, तशी ही खूण. कोपनहेगनच्या स्टेनो केंद्रातील पीटर रॉसिंग यांच्या पुढाकाराने, दहा देशांतील १५ केंद्रांवर, अल्ब्युमिन अगदी नॉर्मल असलेल्या १,७७५ मधुमेहींवर ती वापरून पाहिली. चाचणीने २१६ जणांना ‘धोक्यात’ ठरवले. सुमारे अडीच वर्षांत या गटातील २८ टक्के लोकांचे अल्ब्युमिन वाढले. ‘सुरक्षित’ ठरलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे भाकीत बरेच खरे ठरले. परंतु संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. धोक्यातील २०९ जणांची विभागणी करून काहींना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिले, काहींना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. औषध घेणाऱ्यांपैकी २५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचे अल्ब्युमिन वाढले. हा फरक योगायोगाने पडला नाही असे छातीठोकपणे सांगता येण्याइतका मोठा नव्हता. २०२० मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे छापले. संकट आधी कळले, पण त्या औषधाने ते अडवता आले असे सिद्ध झाले नाही.

हे इतके सविस्तर सांगण्याला कारण आहे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा आता ‘संपूर्ण किडनी तपासणी’च्या नावाने महागडी पॅकेजे विकतात, आणि आपल्या समाजात मुले परदेशी असली की तिकडून आई-वडिलांसाठी अशी पॅकेजे भरली जातात. त्यांतल्या नव्या खुणा संशोधनासाठी मोलाच्या आहेत. उद्या त्यांतील एखादी रोजच्या वापरात येईलही. आज मात्र तुमच्या डॉक्टरने तुम्हाला कोणते औषध द्यावे हे त्यांवरून सहसा ठरत नाही. ते ठरते दोन जुन्या आकड्यांवरून : रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला वेग आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ज्याला रिपोर्टात ‘एसीआर’ म्हणतात. दुसरी तपासणी काही शे रुपयांत होते. तीच काकीजींच्या फाईलमध्ये नव्हती.

या गुणोत्तराविषयी थोडे. चौविहार करणाऱ्या माणसाची सकाळची लघवी दाट असते, भरपूर पाणी पिणाऱ्याची पातळ. नुसते अल्ब्युमिन मोजले तर दाट लघवीत ते उगाच जास्त दिसेल. म्हणून त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनने भागतात; लघवी दाट असो वा पातळ, दोन्ही सारख्याच प्रमाणात दाट-पातळ होतात आणि भागाकार टिकून राहतो. सकाळचा पहिला नमुना सर्वांत चांगला. एका ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नॉर्मल, ३० ते ३०० वाढलेले, ३०० च्या वर खूप वाढलेले. काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असे लिहितात, आकडा तोच राहतो. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीची मोठी पायपीट, फार वाढलेली साखर किंवा रक्तदाब यांनी तो तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच निदान पक्के धरतात. आणि एक गैरसमज अवश्य काढून टाकावा : साध्या लघवी तपासणीत ‘अल्ब्युमिन – निल’ असे छापून येते त्यावर विसंबू नये. ती पट्टी बऱ्याच मोठ्या गळतीनंतर रंग बदलते. ती ब्राइटच्या मेणबत्तीचीच नात आहे. प्रौढ वयात मधुमेह निघाला असेल तर निदानाच्या दिवशीच आणि नंतर दरवर्षी ही तपासणी व्हावी, कारण निदानाआधी तो किती वर्षे मुरलेला होता हे कोणालाच ठाऊक नसते.

तपासून करायचे काय, असे काही जण विचारतात. पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त होता. २००१ मध्ये लोसार्टनच्या मोठ्या अभ्यासाने डायलिसिसपर्यंत जाण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने, ४,४०१ रुग्णांच्या अभ्यासात, मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला. २०२० मध्ये फिनेरेनोनचा निकाल आला. या तिन्ही अभ्यासांत रुग्णांची निवड लघवीतील अल्ब्युमिन मोजूनच केली होती. ज्याने लघवी कधी तपासलीच नाही, त्याला यांपैकी काय लागू पडते हे ठरवायचे तरी कशावरून? ‘ग्लिफ्लोझिन’ घराण्यातील काही गोळ्या पेटंट संपल्यानंतर भारतात पुष्कळ स्वस्तही झाल्या आहेत. डायलिसिसला बसावे लागले, तर आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सुमारे चार तास जातात, आणि घरातील आणखी एका माणसाचे तेवढेच. गाळ्यावर बसणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पापड, लोणचे, मसाला खाखरा, फरसाण यांतील मीठ आणि गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांविषयी आपण पुष्कळदा वाचले असेल. तेवढे एकदा आठवून पुढे जातो, कारण मला तपाकडे परत यायचे आहे.

तपाला वैद्यकाचा विरोध आहे असे समजू नये. पण मधुमेहावरच्या गोळ्या पोटात अन्न जाणार हे गृहीत धरून दिलेल्या असतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिफ्लोझिन घेत असताना अनेक दिवस अन्न बंद ठेवले तर, साखर फार न वाढताही, रक्तात आम्ल साठू शकते. म्हणून ती गोळी दीर्घ तपाच्या काही दिवस आधीच थांबवावी लागते, आणि ते डॉक्टरांना विचारूनच. त्यातून मूत्रपिंड आधीच उणे असेल आणि चौविहार उपवासात पाणीही बंद, तर उरलेल्या गाळण्यांना रक्तपुरवठा कमी पडतो. निरोगी माणूस हे सोसतो. ज्याचा वेग ५४ आहे त्याच्या बाबतीत मला तशी खात्री देता येत नाही. पच्चक्खाण घेण्यापूर्वी निदान महिनाभर आधी दोन्ही तपासण्या हातात असाव्यात, म्हणजे महाराजसाहेबांपुढे किंवा महासतीजींपुढे आपली प्रकृती खरी सांगता येते.

काकीजींच्या लघवीचा पहिला आकडा ११८ आला. संसर्ग नाही हे पाहून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले, १३१. मी त्यांना दोन्ही कागद दाखवले आणि माझी भीती सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मागच्या वर्षी अठ्ठाई केली तेव्हाही हे असेच असेल?’ बहुधा होते, असे मी म्हणालो. निर्णय त्यांनी स्थानकात महासतीजींशी बोलून घेतला : पर्युषणाचे आठही दिवस एकासणे, दिवसा उकळलेले पाणी पुरेसे, साखर रोज दोनदा तपासायची, आणि गोळ्या मी बदलून दिल्या तशा. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला त्या पूर्ण वेळ बसल्या, असे सुनेने नंतर फोनवर सांगितले. पुढे औषधे वाढवली, रक्तदाब खाली आणला. नऊ महिन्यांनी आकडा ६४ होता आणि वेग ५३.

मुलाला मी त्याच दिवशी स्वतःचा नमुना द्यायला सांगितले होते. सीझन संपला की देतो, म्हणाला. दिवाळी झाली, चोपडीपूजन झाले, मग लग्नसराई आली. मागच्या आठवड्यात त्याच्या आईने त्याला स्वतः हाताला धरून प्रयोगशाळेत नेले. रिपोर्ट उद्या येईल.